गालाखालची सावली

४ फेब्रुवारी १९८२, गुरुवार

डॉक्टरांनी आप्पांना औषधाच्या कंपनीची डायरी दिली होती. "मला काय लिहायचंय? तूच घे गो," म्हणून आप्पांनी ती माझ्याकडे सरकवली. महिनाभर फडताळात पडून होती. आज उघडली, कारण घरात कालपासून एक माणूस वाढलंय आणि त्या माणसाविषयी घरात कुणाशी बोलता येत नाही.

विठूची बायको आलीय. चंपा. मुंबईत गिरण्या बंद पडल्यात आणि संप लवकर मिटेल असं कुणीच म्हणत नाही, म्हणून माझ्या भावाने तिला एसटीत बसवून इकडे पाठवून दिलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण इथे ती गणपतीला चार दिवस यायची तेवढीच. आता किती राहणार, माहीत नाही. ट्रंक मात्र मोठी आणलीय.

आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचं काम, आषाढात सुरू होते. तोवर पडवी रिकामी असते. यंदा तशी नाही. आप्पांचे जुने स्नेही रावजी मास्तर एक मेला इतिहासाचं प्रदर्शन भरवतायत. त्यात किल्ल्यावरच्या लढाईचा देखावा, आणि त्यातले सैनिक आमच्याकडे. शाडूचे, बोटाएवढे. आप्पा घडवणार, माती आणि साचे आमचा गडी धाकू बघणार, रंग माझा. मास्तर रंगाचं विचारायला लागले तेव्हा आप्पा म्हणाले, "रंगाचं काय ते गोदेशी बोला."

आई गेली तेव्हा मी बावीस वर्षांची, विठू अकराचा. घर कुणीतरी धरायला हवं होतं, मी धरलं. तेव्हापासून ह्या पडवीत गणपतीचे डोळे मी आखते. पण आप्पांच्या तोंडून असं वाक्य आज पहिल्यांदा ऐकलं. चंपा चहा घेऊन उभी होती, तिनेही ऐकलं. बरं झालं.

९ फेब्रुवारी, मंगळवार

सैनिकांनी भरलेली पहिली फळी रंगवायला घेतली. किल्ल्यावरची शिबंदी: मुंडासं, गुडघ्यापर्यंतचा चोळणा, कमरेला शेला, हातात ढाल नाहीतर बंदूक. गणपतीला रंग देणं आणि ह्यांना देणं वेगळं. गणपती मोठा असतो, त्याच्यावर उजेड पडला की सावली आपोआप पडते. एवढ्याशा माणसावर ती पडत नाही, ती आपण घालावी लागते. आधी अंगाचा रंग सपाट. मग तोच रंग गडद आणि पातळ करून सोडायचा, तो आपसूक कपड्याच्या घड्यांत, डोळ्यांच्या खाचांत, मुंडाशाखाली जाऊन बसतो. तो वाळला की जवळजवळ कोरडा ब्रश फिक्या रंगात बुडवून नाकाच्या दांडीवर, गालाच्या हाडावर, बोटांच्या पेरांवर नुसता टेकवायचा. चुकलं तर माणूस मळका दिसतो. जमलं तर वळून बघेलसा दिसतो.

मला जमतं.

फक्त पडवीतला दिवा बदलायला हवा. मेला मिणमिणता झालाय. बुबुळ घालताना दोनदा ब्रश घसरला.

चंपा उंबऱ्यावर बसून बघत होती. "वन्स, किती छान हो," म्हणाली. मी म्हटलं, "तांदूळ निवडायचे राहिलेत." उठून गेली.

१७ फेब्रुवारी, बुधवार

कळलं ते बरं झालं, उशिरा कळलं एवढंच. चंपा मुंबईत खोलीवर बसून बाहुल्यांचे डोळे रंगवायची. कारखानदार गोणीभर प्लास्टिकची डोकी आणून टाकायचा आणि ही डोळे, भुवया, ओठ काढायची. आज जेवताना सहज बोलल्यासारखं बोलली. आप्पांनी हातातला घास तसाच ठेवला.

"हात थरथरत नाय?"

"नाय आप्पा. पण ते डोळे सगळे सारखेच. कुणी हसत नाय की रागावत नाय."

दुपारी त्यांनी तिला एक सैनिक दिला. मोडका, ढाल तुटलेला. म्हणाले, बघ करून. मी मान वर केली नाही, पण ब्रश धुवायचं पाणी दोनदा बदललं. तासाभराने तिने तो त्यांच्या हातात दिला. आप्पांनी तो खिडकीशी नेला, फिरवला, आणि "हं" म्हणाले.

आप्पांचा हा "हं" मी ओळखते. आयुष्यात मला तो तीनदा मिळालाय.

तिची फळी वेगळी ठेवायला सांगितली. माझी खिडकीपाशी, तिची स्वयंपाकघराच्या दाराशी.

२७ फेब्रुवारी, शनिवार

आज एक गोष्ट झाली, ती लिहिताना अजून राग येतोय.

सगळे रंगवत बसलो होतो. धाकू देखाव्याचा तट रचत होता, जांभ्याचे छोटे तुकडे तासून. चंपा मध्येच म्हणाली, "आप्पा, लढाई सकाळची की संध्याकाळची?"

धाकू हसला. आप्पा नाही हसले. म्हणाले, "का गो?"

"नाय, म्हणजे सूर्य समुद्राच्या बाजूला असला तर सगळ्यांची सावली एकाच अंगाला हवी ना. माझ्यांची इकडे, वन्सांच्यांची तिकडे, असं दिसेल."

आप्पांनी दोन्ही फळ्या शेजारी ठेवून पाहिल्या. मग मला म्हणाले, "गोदे, बरोबर बोलतेय ती. संध्याकाळ धरू. डाव्या गालाखाली गडद."

इतकी वर्षं मी समोरून उजेड धरत आलेय. ते मला आप्पांनीच शिकवलं. एका वाक्यात त्यांनी ते बदललं, तेही तिच्या. मी सगळी फळी पुन्हा केली. डोकं इतकं दुखलं की जेवले नाही. चंपाने सुंठेचा लेप उगाळून आणला. मी म्हटलं, ठेव तिथे.

एक मात्र खरं. संध्याकाळी काम टाकताना माझे चेहरे मला जरा गबाळे वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाहावं तर खुललेले. रंग वाळला की बसतो. तिचे काय, ओले असतानाच चांगले दिसतात. ती कारखान्याची सवय.

१२ मार्च, शुक्रवार

शिमगा झाला. पालखी घरी आली, मी ओटी भरली. चंपाही पुढे झाली, पण आधी मी.

आज आप्पांनी मला गलबतं दिली. देखाव्यात किल्ल्याखाली समुद्र आहे आणि त्यात चार गलबतं. शिडं रंगवायची, फळ्यांचे पट्टे काढायचे. "शिबंदीच्या तुझ्या फळ्या झाल्या तेवढ्या बास. उरलेली चंपा करील."

"का?"

"शिडांची सावली मोठी असते. ती तुझ्याशिवाय कुणाला जमायची नाय."

मी काही लहान मूल नाही. ज्याला चेहरे जमत नाहीत त्याला शिडं देतात. पडवीतला माझा पाट होता तिथेच आहे, पण खिडकीतला उजेड आता मधल्या जागी पडतो आणि तिथे ती बसते. गाते पण. हळू, स्वतःशी. विठूने कधी तिला गाताना ऐकलंय की नाही कोण जाणे.

सुईत दोरा ओवायला अर्धा तास गेला. आजकाल दोरे काय करतात कुणास ठाऊक, टोकाला पिंजतात नुसते.

२० मार्च, शनिवार

रावजी मास्तर काम बघायला आले होते. तोंडभर बोलणारा माणूस. गलबतं बघून "वा, वा" म्हणाले, तसं ते चहा पिऊनही म्हणतात. मग शिबंदीच्या फळ्यांपाशी गेले आणि एकदम गप्प झाले. एक सैनिक उचलला. दाढीवाला, खांद्यावर बंदूक घेतलेला.

"आप्पा, हा... ह्याला मी ओळखतो हो. हा दोन दिवस झोपलेला नाही. ही गालाखालची सावली बघा! असं वाटतं, आता जांभई देईल. कुणाचं काम हे?"

आप्पा म्हणाले, "घरातलंच."

फक्त एवढंच. घरातलंच. मी शिडावर ब्रश फिरवत बसले. चंपा खाली मान घालून हसत होती, म्हणजे तिचंच. उठून जाऊन तो सैनिक बघावा असं मनात आलं, पण तिच्या हातचा असताना मी कशाला बघू? दुपारभर ते वाक्य कानात घुमत होतं. मला कधी कुणी असं म्हटलं नाही. गणपती बघून लोक हात जोडतात, रंगवणारीला कोण विचारतं?

संध्याकाळी धाकूचा भाऊ काशीराम भेटला. उद्या मुंबईला जातोय. मी त्याला म्हटलं, विठूला निरोप दे. चंपाचं इथे काही जमत नाही. आप्पांना तिचा त्रास होतो, उतारवयात त्यांना सोसत नाही. जमेल तसा ये आणि घेऊन जा.

काशीराम म्हणाला, "आक्का, खरंच?"

"मी कधी खोटं बोलले तुझ्याशी?"

नव्हते बोलले.

३ एप्रिल, शनिवार

उकाडा. निरोपाचं काही कळलं नाही.

चंपा आज पाय दाबायला बसली, मी नको म्हटलं तरी. म्हणाली, "वन्स, तुमचं डोकं रोज दुखतं. सिव्हिलमध्ये डोळे तपासतात. जाऊया का आपण? मी येते बरोबर."

म्हणजे आता मी आंधळी! पडवीतली जागा घेतली, उजेड घेतला, आता डोळ्यांत दोष काढून मला पडवीतूनच उठवायचंय. मी म्हटलं, "माझे डोळे गणपतीला चालतात, तुला कशाला पुरायला हवेत?"

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. "बरं," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "त्यांचं पत्र नाय आलं बरेच दिवसांत." मी म्हटलं, संपात पोस्टाला पैसे कुठून आणणार. मग ती परसात गेली आणि बराच वेळ आली नाही. माडाला टेकून बसली होती. मुंबईतल्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत असं काय आहे म्हणून इतकं झुरायचं? की हेही दाखवायचंच?

१३ एप्रिल, मंगळवार

लिहू की नको असं झालंय. पण इथे नाही लिहायचं तर ही डायरी हवी कशाला?

दुपारी आप्पा आडवे झाले होते. चंपा विहिरीवर धुणं घेऊन गेली होती. धाकू सकाळची कामं आवरून त्यांच्या वाडीत गेला, उद्या जयंतीची मिरवणूक आहे, त्याची तयारी. पडवीत मी एकटी. स्वयंपाकघराच्या दाराशी तिची फळी, वरती पातळ फडकं.

नुसतं बघायचं होतं. फडकं काढलं. एकेक उचलून लांब धरून पाहिला, म्हणजे सगळा एकदम दिसतो. मास्तरांचा तो दाढीवाला ओळखला मी. डाव्या गालाखाली गडद, मग गेरूची कड, मग हाडावर अगदी हलका फिका हात. शेल्याच्या घडीत सावली अशी शिरली होती की बोट घालावं. मला असं कधी जमलं नाही. तीन महिन्यांपूर्वी प्लास्टिकची डोकी रंगवणारी बाई ही, आणि तिने हे केलं, आणि मी वीस वर्षं इथे बसून शिडांवर येऊन पोचले.

ओलं फडकं हाताशीच होतं. डिंकातला रंग, पाण्याने लगेच निघून येतो. आधी त्या दाढीवाल्याचंच तोंड पुसलं. मग थांबता आलं नाही. सगळी फळी. फक्त चेहरे. कपड्यांना हात लावला नाही, का ते माहीत नाही.

फडकं परत घातलं. हात घासून धुतले. ती धुणं घेऊन आली तेव्हा मी कोकमं सोलत होते.

खोटं कशाला लिहू, दुपारी बरं वाटलं होतं.

१४ एप्रिल, बुधवार

सकाळी आप्पांनी फडकं काढलं. रस्त्याने मिरवणूक चालली होती, ढोलाचा आवाज इतका की ते काय म्हणाले ते मला पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मग ते पडवीच्या कडेला येऊन मोठ्याने म्हणाले, "गोदे, इकडे ये. तुझी फळी कुणी पुसली?"

"माझी?"

"मांजर आली काय? सगळ्यांची तोंडं..."

"माझी कुठे? ती तर चंपाची," मी म्हटलं.

ढोल पुढे गेले होते. चंपा चुलीपाशी फुंकणी हातात घेऊन उभी होती. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. फळी न बघताच मी काय बोलले ते माझ्या आधी त्यांना कळलं.

"धाकूने परवा फळ्या बदलल्या," आप्पा हळू म्हणाले. "खिडकीत ऊन येतं, तुझ्या कामाला तडे जातील म्हणून आत आणली. चंपाची ओली होती, ती वाळायला खिडकीत ठेवलीय."

मी खिडकीपाशी गेले. तिथे फळी होती, अख्खी, चेहऱ्यांसकट. परत दाराशी आले. माझ्याच हातची ढाल, माझ्याच हातचा शेला. आता ओळखू आला. तो मुंडाशाचा तिढा मी फेब्रुवारीत केला होता, अंगठ्याला रंग लागला होता ते आठवलं.

"पण ते चेहरे माझे नव्हते," मी म्हटलं. "माझे इतके चांगले नव्हते."

आप्पा खाली बसले. "सावली सगळी तुझीच होती गो. डोळे तेवढे चंपाने घातले. तुझी बुबुळं बाहेर जायची. एकाचं तर कानाशी होतं. मीच सांगितलं तिला, गोदा देवळात गेली की नीट करून ठेव म्हणून."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू ब्रश ठेवून दिला असतास. मला माहीत नाय काय तुझा स्वभाव?"

मास्तर बोलले ते माझ्या कामाला बोलले होते. मी ऐकलं, आणि दुसऱ्याचं समजून जळत राहिले, आणि मग माझ्या हाताने पुसलं.

चंपा तेव्हा पुढे आली. मी तिला रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मी दोनदा नको म्हटलं होतं आप्पांना. वन्सांना न सांगता नको म्हटलं. आणि वन्स, एक विचारू? फळी माझी असती, तर चाललं असतं?"

ती उत्तरासाठी थांबली, मग चुलीकडे गेली.

१७ एप्रिल, शनिवार

तीन दिवस आप्पांशिवाय कुणी माझ्याशी बोललं नाही, आणि आप्पाही कामापुरतं.

आज सिव्हिलमध्ये गेले. एकटी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अक्षरांचा कागद हातात दिला आणि वाचा म्हणाल्या. मी तो लांब धरला. त्या हसल्या. "बाई, हात अजून लांब असते तर तुम्हाला चष्मा लागलाच नसता." चाळिशी लागलीय, दुसरं काही नाही. सगळ्यांना लागते म्हणे. दिवा, दोरे, रोजचं डोकं दुखणं, सगळं आठवलं आणि रस्त्यातच कान तापले.

परत आल्यावर चंपाला म्हटलं, "चुकलं माझं." ती पीठ मळत होती. "चष्मा कधी मिळणार?" म्हणाली. "मंगळवारी." "मग तोवर मी तोंडांना अस्तराचा पहिला हात देऊन ठेवते." एवढंच बोलणं.

विठूकडे पाठवलेला निरोप तिला सांगायला हवा. आज जमलं नाही.

२० एप्रिल, मंगळवार

चष्मा आला. घातल्यावर पहिल्यांदा स्वतःचे हात बघितले, केवढे म्हातारे झालेत! मग तिची फळी घेतली, खिडकीतली.

आता जे लिहितेय ते समजून उमजून. ते तिचं काम माझ्याहून सरस आहे. सावली माझी जास्त चांगली, तेवढं मी सोडणार नाही. पण तिचा एक गोलंदाज आहे, तोफेला बत्ती लावून कान झाकून उभा. त्याचा एक डोळा मिटलाय आणि दुसरा किंचित उघडा, तोफ उडतेय की नाही ते बघायला. एवढ्याशा डोळ्यात भीती पण आहे आणि गंमत पण. मला हे सुचलंच नसतं. आजवर मी न बघताच तिच्यावर जळत होते. आज नीट बघितलं आणि पहिल्यापेक्षा जास्त जळले. पण आजचं वेगळं होतं. बघतच बसावंसं वाटत होतं.

"हा डोळा कसा केलास?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मी टोचून बोलतेय की काय ते तपासत असावी. मग जवळ सरकली. "आधी पांढरं घालायचंच नाय, वन्स. तुम्ही पांढरं आधी घालता म्हणून डोळे वटारल्यासारखे होतात. आधी काळी रेघ, मग..."

दाखवलं तिने. मीही तिला गालाखालचा रंग पातळ कसा सोडायचा ते दाखवलं, ती तो फार घट्ट घ्यायची. सहाच्या सुमाराला आप्पा डोकावून गेले.

निरोपाचं आजही सांगितलं नाही. इतकं चांगलं चाललं होतं.

१ मे, शनिवार

प्रदर्शन उघडलं. लोक देखाव्यापाशी इतके दाटले की दोरी बांधावी लागली. समुद्राच्या बाजूने एक दिवा लावला होता, आणि तटावरचे सगळे सैनिक त्या संध्याकाळच्या उजेडात उभे असल्यासारखे दिसत होते. ती चंपाची कल्पना. रावजी मास्तरांनी आम्हा दोघींना पुढे बोलावून नावं घेतली. आधी माझं, मग तिचं. मी मास्तरांना म्हटलं, उलट घ्यायला हवी होती. ते म्हणाले, वयाप्रमाणे घेतली!

आणि तेवढ्यात दारात विठू. आंब्याच्या पेट्या मुंबईला टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून आला होता. गाल बसलेत, दाढी वाढलेली. चंपाने त्याला बघितलं आणि तिचं तोंड असं उजळलं की मी मान फिरवली.

घरी आल्यावर पाणीही न पिता तो म्हणाला, "चंपा, सामान भर. आप्पा, हिने तुम्हाला काय त्रास दिला ते मला माहीत नाय, पण मी हिला घेऊन जातो. पुन्हा तुमच्यावर टाकणार नाय."

आप्पा बघतच राहिले. "त्रास? कुणी सांगितलं?"

"काशीरामबरोबर निरोप..."

"मी पाठवला," मी म्हटलं. "खोटा. तिने कुणाला त्रास दिला नाही. मला बघवत नव्हतं म्हणून पाठवला."

विठूला मी वाढवलंय. माझ्यावर ओरडायला त्याला जमलं नाही. "आक्का, महिनाभर मी विचार करतोय, हिने केलं तरी काय असं? ही असं काही करेल हे खरंच वाटत नव्हतं. आणि तू... तू असं का केलंस?"

ह्याचं उत्तर चंपानेच दिलं. "राहू दे. वन्सांचं आणि माझं बोलून झालंय." झालं नव्हतं. ह्यातलं तिला काही माहीत नव्हतं. तिचे हात पदरात गच्च होते.

मी म्हटलं, "विठू, तू जा, तिला इथे ठेव. आषाढात शाळा सुरू होईल. यंदा डोळे तिने आखावेत. आप्पा, तुमचं काय म्हणणं?"

आप्पांनी मान डोलावली. मी हे कशा जिवाने बोलले ते त्यांना कळलं असावं. मला वाटलं, चंपा आता माझ्या पाया पडेल, नाहीतर रडेल तरी.

ती म्हणाली, "नको वन्स. मी जाते. निरोप तुम्ही नसता पाठवलात तर मीच पाठवणार होते. तिकडे हे एकटे कसे जेवतात ते बघा की त्यांच्याकडे बघून. मला रंगवायला आवडतं, पण मी काय त्यासाठी आले नव्हते."

म्हणजे मी जी जागा तीन महिने दोन्ही हातांनी धरून बसले होते, ती तिला नकोच होती.

४ मे, मंगळवार

आज सकाळच्या गाडीने गेली. मी स्टँडवर पोचवायला गेले. ट्रंक वर चढवली, आमसुलं आणि कुळथाचं पीठ पिशवीत दिलं. विठू तिकिटाच्या रांगेत होता तेव्हा मी विचारलं, "तिकडे पुन्हा बाहुल्याच का?"

"मिळाल्या तर."

"तुझा हात बाहुल्यांवर वाया जाईल गो."

"जाऊ दे," ती हसली. "त्यातली एखादी हसवीन आता. कारखानदाराला कळायचं नाय."

"आणि आषाढात?"

"संप मिटला तर बघू." मग जरा थांबून, "नाय मिटला तरी बघू. राग आहे अजून माझा, वन्स. खोटं नाय बोलत. पण येईन असं वाटतं."

गाडी लागली. तिला खिडकीची जागा मिळाली. ती बाहेर बघून हात हलवत होती, आणि तेवढ्यात विठू शेजारी येऊन बसला. त्याने तिच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली. तिने त्याच्याकडे वळून काहीतरी सांगितलं, तो हसला, मग ती हसली, आणि गाडी हलली तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती.

घरी आले. आप्पांनी विचारलं, "गेली?" मी म्हटलं, "गेली." त्यांनी गलबताच्या शिडाचा रंग थोडा उडालाय तो बघ म्हणून सांगितलं, मी बघते म्हटलं. पण अजून उठले नाही. पडवीत बसून हे लिहितेय.

मला विठूचा हेवा वाटतोय. मी वाढवलेल्या, माझ्या सख्ख्या भावाचा.